जिवंत माणसाचा पिंड

संकठा घाटावर मी एका जिवंत माणसाचा पिंड पाडला. ते गृहस्थ त्या वेळी दोन पायऱ्या वर बसून चहा पीत होते.

श्राद्ध त्यांच्या पत्नीचं होतं, करत होता मुलगा. विदर्भातून तीर्थयात्रेला आलेली मंडळी. असे मराठी यजमान आले की दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मांडामांड बघायचा आणि मंत्र मी सांगायचो. सुरुवातीला आई, आजी, पणजी अशी नावं विचारायची आणि विधी संपेपर्यंत डोक्यात ठेवायची. कागदावर लिहून घेणारे पुरोहित मला कच्चे वाटत.

ऐन पिंडाच्या वेळी आईचं नाव गेलं. थांबून विचारावं हे सुचलं नाही, कारण मी विद्वान. पण मराठी माणसाच्या नावात बापाचं नाव मधोमध बसलेलं असतं, आणि मुलाचं पूर्ण नाव मी संकल्पात नुकतंच उच्चारलं होतं. त्यातलं मधलं उचललं आणि खणखणीत आवाजात म्हटलं. मुलानं मुकाट्यानं तीळ सोडले.

"गुरुजी," मातीचं कुल्हड खाली ठेवत म्हातारे म्हणाले, "मी अजून आहे."

दादानं हात जोडले आणि सगळा विधी स्वतः पहिल्यापासून केला. घरी येताना दूधविनायकाच्या गल्लीत तो म्हणाला, "उद्यापासून मंत्र मी सांगीन. तू पिंडांचं पीठ मळ."

"दादा, चूक कुणाकडूनही होते."

"ही चूक नव्हे. ही भांग आहे."

माझ्या मते भांग ही नशा नव्हतीच. दारू पितात ते दारुडे. आम्ही संध्याकाळी आन्हिक उरकून, बदाम-मिरी घालून वाटलेला गोळा महादेवाचं नाव घेऊन घेतो. मिसरूड फुटल्यापासून घेत होतो. कधी झोकांडी गेली नाही, कधी आवाज चढला नाही. नावं तेवढी जायला लागली होती. कधीपासून, ते आठवत नाही.

बायकोनं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई मराठी निघाल्या, म्हणून डोकं शाबूत आहे हे पटवायला मी रुद्रातला एक अनुवाक न अडखळता म्हणून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत?"

मी बायकोकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा."

मग त्यांनी समजावलं. लहानपणी घोकलेलं खोल रुतलेलं असतं, ते सहजी जात नाही. पण आत्ता ऐकलेलं धरून ठेवायचं जे काम मेंदू करतो, ते वर्षानुवर्षांच्या भांगेनं ढिलं पडतं. लक्ष टिकत नाही, आणि ते टिकत नाही हेही आपल्याला कळत नाही. वर्षानुवर्षांची दारूही मेंदूला सोडत नाही, तिची तऱ्हा वेगळी.

"पण बाई, हा तर प्रसाद आहे."

"असेल. मेंदूला ते कोण सांगणार?"

बंद केलीत तर बरंचसं परत येतं, त्या म्हणाल्या; सगळं येईल असा शब्द देत नाही.

बंद केली. घाटावरची मंडळी हाका मारायची, "का गुरु, आज ना छनी?" म्हणजे, आज भांग गाळायची नाही का? मी मान हलवून पुढे जायचो आणि रात्रभर छताकडे बघत पडायचो. भूक गेली. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडलो, मीठ होतं. आणि रोज पीठ मळत होतो. पिंड हळूहळू इतके सुबक व्हायला लागले की दादा म्हणाला, "यात गती आहे रे तुला." त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंत्र सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि तेच मी गमावून बसतोय, हे मला त्या पिठात हात घालून कळत होतं.

थंडीत दादाचा घसा बसला. नाइलाजानं मंत्र माझ्याकडे आले. यजमानांचे वडील, आजोबा सुरळीत पार पडले. पणजोबांपाशी आलो आणि डोक्यात सगळं मोकळं. एक नाव जिभेवर येत होतं. कुणाचं होतं, देव जाणे. दादा डोळे वटारून बघत होता, त्याला बोलता येत नव्हतं.

ते नाव मी गिळलं. "यजमान, पणजोबांचं नाव पुन्हा सांगा. मी विसरलो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी घाटावर कधी उच्चारलं नव्हतं. यजमान रागावले नाहीत. त्यांनी नाव सांगितलं, वर पणजोबांना दमा होता हेही सांगितलं. मी पुढे म्हणत गेलो आणि श्राद्ध ज्याचं त्याला पोचलं.

पायऱ्या चढताना दादा म्हणाला, "उद्याही तूच सांग. माझा घसा काही इतक्यात सुटत नाही."

हे बोलताना त्याचा आवाज चांगलाच सुटलेला होता.