सगळ्यांची एकच सायकल

टेपसरांना टेपसर का म्हणत, हे त्यांच्या वर्गात एक संध्याकाळ बसलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. लाँड्रीच्या वरच्या खोलीत, खालून येणाऱ्या वाफेच्या आणि साबणाच्या वासात, सर एक इंग्रजी वाक्य म्हणत. वर्ग ते म्हणे. सर पुन्हा म्हणत, वर्ग पुन्हा म्हणे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. परदेशात कामाला किंवा घरच्या माणसांकडे जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या धास्तीने माणसं सरांकडे येत. वेल्डर, नर्स, ट्रकड्रायव्हर, कोणाची तरी बायको. दिवसभर कामावर राबून आलेल्यांना ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, मग आपणच ते आधी सुचवून ठेवावेत, असा सरांचा सरळ हिशेब होता. कोणी पोपटपंची म्हटलंच तर ते म्हणत, "पोपट निदान गप्प तरी बसत नाही."

परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: आयुष्यातला एखादा न विसरता येणारा प्रसंग सांगा. त्यासाठी सरांनी एक उत्तर घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. मोठी बहीण लहान भावाला सायकल शिकवते. मागून सीट धरून पळते आणि न सांगता हात सोडते. भाऊ तसाच पुढे जातो आणि वळणावरच्या वाळूच्या ढिगात पडतो. बहीण आधी हसते, मग रडायलाच लागते. प्रसंग सरांचा स्वतःचा, आणि ती बहीण आता या जगात नव्हती. उत्तरात भूतकाळ होता, भावना होती, शेवटी चिमूटभर बोधही होता. ज्यांना बहीण नव्हती त्यांनाही सरांनी ती देऊन टाकली होती.

सरांची सूनही याच वर्गात, मागच्या रांगेत बसायची. घरी "बाबा", वर्गात "सर". लग्नानंतर मुलगा परदेशी नोकरीवर गेला आणि ही परीक्षेसाठी मागे राहिली. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात दोघंच. दिवसा ती कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात पँटी आखूड करायची, संध्याकाळी वर्गाला यायची. पहिल्या खेपेला ती नापास झाली. वाचन ठीक, लेखन ठीक, घोडं अडलं ते बोलण्यातच. सरांना काही केल्या उमजेना.

"सायकल नीट सांगितलीस ना?" त्यांनी विचारलं होतं.

"एक शब्द इकडचा तिकडे नाही, बाबा."

मग चुकलं कुठे? ते सांगायला कोणी बांधील नव्हतं. आता दुसरी खेप तोंडावर आली होती. बायकोला बोलावून घ्यायला मुलाला मिळालेली मुदत संपत आली होती. या वेळी हुकलं तर सगळं पहिल्यापासून, आणि ते कधी होईल याचा नेम नाही. सर वर्गात आवाज चढवून शिकवू लागले. आवाज चढला की धीर चढतो अशी त्यांची समजूत असावी.

त्यातच आणखी एक लचांड मागे लागलं. खासगी वर्ग चालवणाऱ्यांनी प्रमाणपत्राचा कोर्स केलाच पाहिजे असा फतवा निघाला, आणि उतारवयात सर रविवारी कॉलेजात विद्यार्थी होऊन बसू लागले. कोर्सचं नाव उपयोजित भाषाविज्ञान. नाव ऐकूनच सरांना घाम फुटला होता, पण शिकवणाऱ्या बाई साधं बोलत. वयाने सुनेएवढ्याच. परकी भाषा माणसाच्या तोंडात कशी बसते, कशी बसत नाही, हे त्या रोजच्या उदाहरणांनी सांगत. सर मान डोलवत आणि मनात म्हणत, पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हे मी करतोय.

त्या रविवारी विषय होता, परीक्षा शिकवण्याला कसं वळण लावते. बाई फळ्याकडे पाठ करून टेबलाला टेकल्या.

"मी मध्यंतरी तोंडी परीक्षा घ्यायला जायचे," त्या म्हणाल्या. "या शहरात कुठेतरी एक वर्ग आहे. तिथल्या प्रत्येकाला एक मोठी बहीण आहे, आणि तो प्रत्येक जण सायकलवरून वाळूत पडलाय."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. न हसून करतात काय?

"एक दांडगे ड्रायव्हर होते. मी मध्येच विचारलं, बहीण काय करते हल्ली? ते म्हणाले, तेवढं उत्तरात नाही."

आता बाकं बडवली जात होती. सरांच्या पायाखालची वाळू सरकली.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही. पण पाठ केलेलं उत्तर ओळखू आलं की त्याला गुण देता येत नाहीत. माणसाला बोलता येतं की नाही, हेच त्यातून कळत नाही ना. एक साधी गोष्ट ध्यानात ठेवा. बोलायला कारण लागतं. जे समोरच्याला आधीच ठाऊक आहे ते कोण कशाला सांगेल? तुमच्या वर्गात अशी वेळ आणा, की एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंय. मग मोडकंतोडकं का होईना, ते बोलतील."

सर घरी चालत आले. बस दिसली तरी चढले नाहीत. सून नापास का झाली ते आता त्यांना कळलं होतं, आणि कळून काय उपयोग, असं त्यांच्या मनात येत होतं. तिचं एक वर्ष आपण खाल्लं. तिचंच नव्हे, त्या ड्रायव्हरचं, आणखी कोणाकोणाचं. आणि आक्काला, आपल्या आक्काला, आपण परीक्षेच्या खोलीत हसण्यावारी नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

दार उघडताच सुनेने विचारलं, "काय शिकवलं आज?"

"काही नाही. नेहमीचंच."

त्यांच्या घरात "काही नाही" हे उत्तर दोघंही रोज देत. कसं आहे? ठीक. दुकानात काय झालं? काही नाही. जेवलात? हो.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सर म्हणाले, "सायकल विसरा."

सगळ्यांचे चेहरे उतरले. वेल्डर, जो वर्गात सगळ्यात मोठ्याने म्हणायचा, तो उठून उभा राहिला. "सर, आता कुठे ती तोंडात बसली होती. बरं, मग दुसरं काहीतरी द्या. मोटारसायकल चालेल."

"दुसरं काही नाही. स्वतःचं सांगायचं. जोड्या करा. शेजारच्याला जे ठाऊक नाही ते इंग्रजीत सांगा. चुकलं तर चुकू दे."

टेपसरांच्या तोंडून "चुकू दे" ऐकून नर्सने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ताप मोजायला हवा. सुरुवातीला खोली इतकी शांत झाली की खालच्या मशीनचा घरघराट ऐकू येऊ लागला. मग वेल्डर नर्सला हातवारे करून कशाबद्दल तरी सांगू लागला, नर्सने मध्येच काहीतरी विचारलं, तोही विचारात पडला, आणि हळूहळू खोलीत बाजार भरला. चुकांचा नुसता पाऊस पडत होता. एकेक चूक सरांच्या कानात खड्यासारखी टोचत होती आणि ते खिशातल्या रुमालाला पीळ घालत उभे होते.

सून मात्र गप्प. ट्रकड्रायव्हर तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

"सर, मला काही होतच नाही," ती म्हणाली. "घर, दुकान, वर्ग. काय सांगू?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं सरांच्या मनात आलं. इथे आड कोरडा ठेवणारे तेच होते.

त्या दिवसापासून सरांचा जीव टांगणीला लागला. सून पोळ्या लाटत असली की ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारत, "लहानपणी कधी हरवली होतीस का? कुत्रं वगैरे चावलं होतं?" ती म्हणे, "नाही हो बाबा," आणि ते हिरमुसून परत फिरत. सुखाने वाढलेली पोर, तिचा तरी काय दोष. कधी कधी वाटे, आपणच एक नवा प्रसंग रचून द्यावा, कोणाला कळणार आहे? एकदा तर तीच म्हणाली, "बाबा, द्या ना लिहून. मी कोणाला नाही सांगणार." सरांनी कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या. त्यात पुन्हा एक बहीण आली. त्यांनी कागद चुरगळला.

या काळजीच्या मागे आणखी एक काळजी होती. ती ते पुढे येऊ देत नसत. दुपारी सून दुकानात गेली की घरात ते एकटे असत. त्या वेळात ते काय करतात हे कोणाला ठाऊक नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

परीक्षेच्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. सरांच्या ओठांवर एक छानसं उत्तर येऊन थांबलं होतं. पावसात अडकलेली मैत्रीण, बंद पडलेली रिक्षा, सगळं रीतसर. त्यांनी दातांखाली जीभ धरली आणि उतरेपर्यंत सोडली नाही.

केंद्राचा व्हरांडा लांब होता, भिंतीला लागून बाक होतं, आणि फिनेलचा वास. आत एकेकाला बोलावत. वेल्डर बाहेर आला तो कपाळ पुसत.

"काय सांगितलंत?" सरांनी विचारलं.

वेल्डर खाली बघत म्हणाला, "सर, भीतीने आपोआप सायकलच निघाली."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? पेरलं तेच उगवलं होतं. मग सुनेचा नंबर पुकारला. ती आत गेली आणि दार लागलं. सर उठले, बसले, पुन्हा उठले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मध्ये एकदा कोणीतरी हसल्यासारखं वाटलं, आणि त्यांच्या मनात बाकं बडवल्याचा आवाज घुमू लागला. गेली, ही खेपही गेली, असं म्हणत ते भिंतीला टेकले.

ती बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसली. तिचे कान लाल झाले होते.

"सायकल?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोंडाशी आली होती. मग त्यांनी विचारलं, घरी कोणकोण असतं. मी म्हटलं, सासरे. ते कसे आहेत, म्हणाल्या. मी ठीक म्हणणार होते." ती थांबली. "पण म्हटलं, यांना काही माहीत नाही. सांगू या."

"काय सांगितलंस?"

"की माझे सासरे घाबरलेत. मी पास होणार नाही म्हणून झोपत नाहीत. आणि मी पास होईन म्हणूनही झोपत नाहीत."

सरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"मी दुकानात गेले की तुम्ही एका माणसाचा स्वयंपाक करून बघता ना, बाबा? एका माणसाचा भात, एका माणसाची भाजी. करपली की पातेलं घासून जागेवर ठेवता. पण मी पालथं ठेवते, तुम्ही उताणं ठेवता. मला रोज कळायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

फिनेलची बादली घेऊन एक बाई पुसत पुसत आली, तसे दोघांनी पाय वर घेतले. ती पुढे गेल्यावर सरांनी घसा साफ केला. सवय ती सवय.

"भूतकाळात सांगितलंस की वर्तमानात?"

"कुठल्या काळात ते मला नाही माहीत. खूप चुकलं. मध्येच रडू आलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला खरंच पास व्हायचंय का? मी म्हटलं, हो. पण आधी त्यांना भाजी जमू दे."

सर हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. खिशातला रुमाल त्यांनी काढला. पीळ पडून पडून तो दोरीसारखा झाला होता, तरी डोळे पुसायला चालला.

ती पास झाली. वेल्डर नापास झाला. सरांनी त्याला पुन्हा वर्गात बसवलं, पण वाक्यं म्हणून घेण्यासाठी नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी सुनेने त्यांना भाजीला पाणी कधी घालायचं ते दाखवलं आणि सरांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

तिथे पोचल्यावर पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. त्या फोनसाठी सरांनी सकाळपासून तयारी केली होती. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

"कसे आहात, बाबा?"

"मी अगदी मजेत आहे. वर्ग छान चाललाय. जेवण वेळेवर होतं. माझी काळजी करू नकोस, तुम्ही दोघं सुखात राहा."



"बाबा," ती म्हणाली, "ही सायकल झाली."

सर फोन कानाला धरून स्वयंपाकघरात आले. ओट्यावर पातेलं उताणं पडलं होतं.

"घर फार मोठं वाटतं गं," ते म्हणाले. "काल मी दोघांचा चहा केला. दोन्ही कप मीच प्यालो."