वैराग्यावरचं अर्धवट प्रवचन

माईंनी इस्पितळाच्या धोबीखान्यात एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या आणि उरलेल्या वेळात लोकांना मोक्षाची वाट दाखवली. दोन्ही कामांत त्यांना सुरकुती खपत नसे. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसत. आत त्यांची एकुलती एक मुलगी सगळ्यांचा चहा करी. जगाला माया सोडायला सांगता सांगता माई मध्येच हाक मारत, "चिमणे, दूध बघ गं!" चिमणी तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. तिचं लग्नाचं राहून गेलं. दूध मात्र कधी उतू गेलं नाही.

माई गेल्या आणि शिष्यांनी मंडळ काढलं. प्रवचनांच्या चारशे कॅसेटी रेडिओदुरुस्तीवाल्या शिष्याकडे सोपवल्या. त्यानं दोन वर्षं खपून खोकला, कपबशा, घरगुती बोलणं, सगळं काढून नव्या प्रती केल्या आणि मूळ कॅसेटी पुसल्या.

मग एक दिवस चिमणी त्याच्या दुकानात आली.

"भाऊ, आईनं मला हाक मारलेली एखादी कॅसेट द्या."

"ताई, ते सगळं काढलं हो. मंडळाचा ठराव होता. लोकांना ज्ञान हवं, त्यात दूध कशाला?"

"चहा तर दोन-दोन कप प्यायचात."

तो ओशाळला. खण उपसून त्यानं एक कॅसेट काढली. "ही तेवढी घेतली नाही. वैराग्यावरची आहे, पण अर्धवट."

यंत्रातून माईंचा आवाज आला. "ज्याला सोडता येतं, त्यालाच... चिमणे, दूध बघ गं!" आतून उत्तर नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "माई, ताईंचं आज ऑपरेशन ना?"

"हो की."

मग नुसतीच खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. "आज इथंच थांबू या."

चिमणीनं टेबलाची कड धरली. त्या संध्याकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा आई उशाशी बसून चादरीची कड सारखी करत होती. "प्रवचन आटोपूनच आलीस ना?" तिनं टोमणा मारला होता. "हो, आटोपूनच," आई म्हणाली होती. तो राग चिमणीनं पुढं अकरा वर्षं, आई जाईपर्यंत, जपला. आईनंही कधी खुलासा केला नाही.

"तेवढंच पुन्हा लावा, भाऊ."

"हाक?"

"नाही. खुर्ची सरकते ते."