समजलं ना? समजलं!

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पोरं ‘समजलं-ना’ म्हणतात. तोंडावर नव्हे, अर्थात. उठल्यासुटल्या ते “समजलं ना?” विचारतात, म्हणून. मी शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवतो. मधली भिंत पातळ, त्यामुळे मला त्यांचं सगळं फुकटात समजलेलं आहे.

बायको गेल्यापासून सर एकटेच राहतात. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. दर रविवारी ते तिला फोन लावतात आणि सोमवारी स्टाफरूममध्ये माझ्यापाशी कुरकुर करतात, “मुलगी बोलतच नाही हो. वर्गात पोरं गप्प, घरी हिचं हे असं. माझ्याशी बोलायला कुणाचं काय जातं?” मी नुसती मान डोलवायचो. कुणाच्या एकटेपणावर आपण काय बोलणार, कप्पाळ!

यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या शिकवण्याचं मूल्यमापन स्वतःच करून द्यायचं. आम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता स्वतःला ‘उत्तम’ देऊन टाकलं. आपली पाठ आपणच थोपटायची, तर हात आखडता कशाला घ्या? सर मात्र अडून बसले. “न ऐकताच कसं सांगू?” म्हणाले, आणि शेवटच्या बाकावर मोबाईल ठेवून त्यांनी आपला तास रेकॉर्ड केला.

दुसऱ्या दिवशी चेहरा पार उतरलेला. मला रिकाम्या वर्गात नेलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ऐका.”

खडूची किरकिर, पंख्याची घरघर, मग सरांचा आवाज: “हे दोन आकडे सोबत वाढले, म्हणजे एकामुळे दुसरा वाढला का? नाही. समजलं ना? समजलं. पुढे.”

प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. मधे मुंगी शिरेल एवढीही फट नव्हती. एका ठिकाणी मागून एक मुलगी “सर...” म्हणाली होती. तिच्या आवाजावर सरांचं “समजलं, पुढे” चढलं होतं.

“काय विचारायचं असेल हो हिला?” सर मला विचारत होते. मला काय ठाऊक! पण त्यांचा स्वर इतका केविलवाणा होता, की मला चेष्टा सुचेना. असं माझं सहसा होत नाही.

त्यानंतर सरांनी एकच गोष्ट बदलली. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. पहिल्यांदा भिंतीपलीकडचा आवाज अचानक बंद झाला, तेव्हा मला वाटलं सरांना चक्कर आली. धावत जाऊन दारातून पाहिलं, तर सर खडू मुठीत घट्ट धरून उभे, कपाळावर घाम, आणि पोरं एकमेकांची तोंडं बघतायत. अखेर मागच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, “सर, नाही समजलं.”

“कुठपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

वर्ग हसला. सरही हसले. त्यांना वर्गात हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला खरंच बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी ते चहाचा कप घेऊन स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. “काल फोनवर मुलीलाही तसंच विचारलं. ‘कशी आहेस?’ म्हटलं आणि गप्प बसलो. एरवी मीच म्हणतो ना, ‘बरी ना? बरं. ठेवतो.’”

“मग?”

“‘बरी आहे,’ म्हणाली. मी गप्पच. मग म्हणते, ‘बाबा, ऐकू येतंय ना?’ म्हटलं, ‘येतंय, तू बोल.’ जरा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘तुम्ही बरे ना? बरं. ठेवते.’”

सर हसायला गेले, पण ते जमलं नाही. “इतकी वर्षं शिकवतोय,” म्हणाले, “पण माझं शिकवणं इतकं पक्कं कुणाच्याच डोक्यात बसलं नव्हतं.”

जिभेवर आलेली कोटी मी चहाच्या घोटाबरोबर गिळली. मग सरच म्हणाले, “रविवारी परत थांबून बघतो,” आणि कप विसळायला उठले.