शिटीच्या आधी

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले भाऊ कुकरची शिटी व्हायच्या आधीच कान झाकून घेतात. वीज केंद्राच्या घरघरीत, ऊर्जानगर वसाहतीत जन्म काढलेला माणूस, पण चमचा खाली पडला तरी दचकतो. एकदा कान तपासायला मी त्यांच्यासोबत गेलो. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "ऐकू तं मस्त येते भाऊ तुम्हाले. आता आवाज वाढवते, सहन नाई झाला का हात वर करा." त्यांनी बटणाकडे बोट नेलं मात्र, भाऊंचा हात वर! आवाज अजून सुरूच व्हायचा होता.

म्हणून पोरीनं आपल्या लग्नात बँड नको म्हटलं, तर भाऊ भडकले. "काऊन नको? मायी पोरगी का चोरून चालली?"

लग्नाच्या दिवशी प्लांटमधले रबरी बोळे कानांत खुपसून, डोळे मिटून, ते ढोलासमोर नाचले. मांडवाशी बँड थांबला. भाऊंना पत्ताच नाही, त्यांचं आपलं चालूच. लोक हसायला लागले. पोरगी त्यांना थांबवायला पुढे आली, बापाचा चेहरा पाहिला आणि बँडवाल्यांकडे वळली.

"थांबले काऊन? वाजवा ना! बाबा नाचून राह्यले."