आधी माकडांवर

शांतादेवींनी घाटनांदूरच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं, पण घरात एकाच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. तो एक म्हणजे त्यांचे यजमान, किराणा दुकानदार गुंडप्पा. बाई रागीट म्हणून गावभर प्रसिद्ध. रागवायला त्यांना कारण लागत नाही, असं लोक म्हणत. खोटं. कारणं गावात रगड होती. बाकीचे डोळेझाक करत, एवढंच.

२००५च्या उन्हाळ्यात गुंडप्पांना हृदयविकाराचा झटका आला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण हृदयाचा जो भाग निकामी झाला तो झालाच, असं स्पष्ट सांगितलं. गोळ्या जन्मभर, मीठ कमी, पोती उचलणं बंद. पोत्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर गुंडप्पांचं गल्ल्यावरचं बोलणंही आटलं.

अशात बीडहून रवि आला. नात्यानं भाचा, उद्योगानं लांबच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याचा दलाल. हातात चकचकीत पत्रक, त्यावर छाती फाडून दाखवणारा मारुती.

"मामा, स्टेम सेल म्हणत्यात ह्याला. मूळ पेशी. हृदयात टोचल्या की मेलेला भाग पुन्हा उगवतो. आधी माकडांवर करून बघितलंय. पास झालंय."

"माकडावर?" गुंडप्पा सरसावून बसले.

झालं. या गावात माकड म्हणजे जनावर नव्हे. मागं विजेच्या तारेला चिकटून एक माकड मेलं, तर भजन म्हणत त्याची मिरवणूक निघाली, मारुतीच्या पाराजवळ पुरलं, दहाव्याला गाव जेवलं. लिंगायतांत दहावं नसतं, तरी गुंडप्पांनी सगळ्यांबरोबर टक्कल केलं होतं. अशा माणसाला माकडावर पास झालेलं औषध म्हणजे मारुतीरायानं आधी चाखून दिलेला प्रसादच की.

"गोळ्या बंद," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं जातो मी."

शांतादेवी ओल्या हातानंच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "रवि, त्या माकडांना झटका आपोआप आला होता का?"

"आता मामी, ते..."

"मी सांगते. धडधाकट माकडाची छाती उघडतात, नस बांधून झटका आणतात. मग पेशी टोचतात. पुढं त्याला मारून हृदय कापून बघतात, काय उगवलं ते. ज्यांनी हे केलं तेच म्हणतात, अजून खात्री नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, ते शोधतायत. तू विकतोयस. प्रयोग अर्धवट, आणि मामाला पुढचं माकड करायला निघालास."

"मामी, सायन्सच्या बाई असून सायन्सलाच आडव्या यायल्या तुमी."

"मला सायन्स शिकवू नकोस. नववीत माझ्याच वर्गात पेशीच्या चित्रात तुला केंद्रक सापडत नव्हतं. आणि या पत्रकावर मारुती कशाला? हृदयाचा फोटो मिळाला नाही?"

रवि काही बोलण्याआधी गुंडप्पांनी विचारलं, "कापत्यात माकडाला?"

"तपासायला लागतंच की, मामा."

"मग दहावं कोन घातलं त्यांचं?"

रवि हसला. "लॅबमधली माकडं हायेत ती. त्यांचं दहावं कसलं?"

गुंडप्पा हसले नाहीत. पत्रकाची घडी घातली, मारुती आत राहील अशी, आणि त्याच्या खिशात सरकवली. "मला न्हाई यायचं. तू जेवून जा."

रवि जेवला आणि गेला. नवरा वाचला म्हणून बाईंचा राग निवायला हवा होता. तो दुप्पट झाला.

"मी एवढं घसा फोडून सांगितलं, ते गेलं वाऱ्यावर," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही थांबलात कशानं? उद्या दुसरा कोणी येऊन म्हणाला, आम्ही दहावंसुद्धा घालतो, तर जाल?"

गुंडप्पांनी खरोखर विचार केला. "बघावं लागंल," ते म्हणाले. "पर तू कावून चिडायलीस? थांबलो न्हवं?"

शांतादेवींनी गोळी त्यांच्या तळहातावर जरा जोरातच ठेवली, तांब्या आदळला आणि समोर उभ्या राहिल्या.

"गिळली?"

"गिळली."

"तोंड उघडा."