चार महिन्यांचं वेटिंग

पनवेलच्या एका शोरूममध्ये मी गाडी बघायला गेलो होतो. तिथे साठीचे एक गृहस्थ मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर पुन्हापुन्हा चढत-उतरत होते. मायलेजबद्दल एक शब्द नाही. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचे, मग अंग सरकवायचे. मला वाटलं, त्यांचाच पाय अधू आहे.

"बायकोला असाच पाय उचलाया लागतो," ते मला म्हणाले. "ती कशी चढंल ते बगतोय. आमचं घर डोंगराकडं हाय, चिखलात रिक्षा येत नाय. दवाखान्यात न्यायची तर चौघं खुर्चीत उचलतात. लाजते ती."

बाकीच्या गाड्या उंच होत्या. शेवटी चिखलातही जाणारी एक फोर-व्हील-ड्राइव्ह जमली. पायरी खाली, दार रुंद, आत पाय पसरायला जागा.

"हीच द्या."

"काका, हिला चार महिन्यांचं वेटिंग आहे," सेल्समन म्हणाला.

ते सीटवर तसेच बसून राहिले.

"डॉक्टरांनी तिला दोनच मयने सांगितलेत."

शेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवत त्यांनी सेल्समनला विचारलं, "जरा येळ बसलो तर चालंल?"

मी काही न बघताच बाहेर पडलो. काचेतून ते दिसत होते, अजून आतच.