नंदूचं ग्रिल आणि आमच्या फजित्या

बातमी आली तेव्हा मी सुरमईला हळद-मीठ लावत होते. मे महिन्यातला शुक्रवार, शाळेला सुट्टी. संध्याकाळी गच्चीवर ग्रिल पेटणार होतं. नंदूने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, सकाळी कामावर जाताना दारातूनच बजावलं होतं, "ताई, लिंबू आत्ता लावू नकोस हां. मासा लिंबातच शिजला तर मी काय भाजू?"

दुपारी मेधाचा, त्याच्या बायकोचा फोन आला. नंदू गेला होता, कंपनीतच, खुर्चीत बसल्या बसल्या. मी "निघते" म्हटलं, हात धुतले, आणि सुरमई डब्यात भरून, झाकण नीट लावून फ्रीजमध्ये ठेवली. मग चपला घातल्या. भाऊ गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर मासा नासू नये याची सोय केली! याची मला अजून लाज वाटते.

भेटायला येणारे लोक पहिली पाच मिनिटं फोटोकडे बघत बसायचे. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "त्याचं ते थर्मामीटरचं आठवतंय?" की झालं. असे किस्से कुणी मागत नाही, पण दाराबाहेरच्या चपलांसारखे ते वाढत जातात. आत फोटोला हार, आणि बाहेरच्या खोलीत माणसं तोंडावर रुमाल धरून हसताहेत. मीही हसले. त्याचीही लाज वाटते.

आणि प्रत्येक किस्सा संपला की सायली, नंदूची मुलगी, माझ्याकडे वळायची. "आत्या, या गटारीला ग्रिलपाशी तू उभी राहणार ना?" श्रावणाआधीची गटारी हा नंदूचा मोठा दिवस. मी तिथे चिमटा घेऊन उभं राहावं, ही त्याचीही कित्येक वर्षांची मागणी होती. मी म्हणायचे, "बघू."

*

मुलुंड पूर्वेला आमची दोन्ही घरं एकाच सोसायटीत. नंदूचं काम कॅलिब्रेशनचं. कारखान्यांतले तापमान मोजणारे गेज खरं दाखवतात की नाही, ते तपासायचं. असा माणूस चिकन अंदाजाने कसं भाजणार? भांडुपच्या एका वेल्डरकडून त्याने अर्ध्या पिंपाचं ग्रिल बनवून घेतलं आणि टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर आणला. चिकन आतून चौऱ्याहत्तर अंश, सुरमई त्रेसष्ट. "वरचा रंग खोटं बोलतो ताई. हाडाजवळ जाऊन विचारायचं."

त्याच आठवड्यात आईला ताप आला. घरातला तापाचा थर्मामीटर नेमका फुटलेला. नंदूने गरम पाण्याने आणि साबणाने सळई धुतली आणि सरळ आईच्या काखेत दिली. मी ओरडले, पण तोवर आकडा आला होता.

"अडतीस पूर्णांक दोन," नंदू गंभीरपणे म्हणाला. "चिकनला अजून पस्तीस-छत्तीस बाकी आहेत."

आई मालवणची. तापातही तिने डोळे उघडले. "मेल्या, माका भाजूक बघतंस काय रे?"

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, ताप कशाने मोजला? आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

*

निखारे किती तापलेत, हे मोजायची त्याची वेगळी पद्धत होती. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरायचा आणि म्हणायचं, "गणपती बाप्पा मोरया!" तेवढ्यात हात मागे घ्यावा लागला, तर कोळंबी टाका. "मंगलमूर्ती मोरया"सुद्धा पूर्ण झालं, तर चिकन. सगळं दोनदा म्हणता आलं, तर वांगी आणि रताळी.

एका रविवारी जूनमध्ये गच्चीवर चौघं-पाचजण आळीपाळीने हात धरून मोरया, मोरया करत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू जिना चढून वर आल्या. हातात ताम्हन, निरांजन, दोन जास्वंदीची फुलं. त्यांना वाटलं, वर कुणाकडे तरी आरती आहे आणि आपल्याला बोलवायला विसरले!

समोर जाळीवर बारा तंगड्या.

मला वाटलं, कठड्यावरून खाली उडी मारावी. नंदूने मात्र शांतपणे निरांजनावर हाताचा आडोसा धरला, वारा होता ना. "काकू, या. तुमचं रताळं त्या वेगळ्या जाळीवर आहे. तिकडे काहीही लागलेलं नाही, शपथ."

काकूंनी रताळं खाल्लं. पुढे तर त्या खिडकीतूनच ओरडायच्या, "नंदू, दोनदा मोरया झालं का रे?"

*

त्याचे दोन मित्र, प्रदीप आणि मिलिंद. प्रदीप बँकेत. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी पाळणारा. मिलिंद कांबळे विक्रोळीचा, विमा कंपनीत. ग्रिलची तारीख ठरवताना प्रदीप कॅलेंडर घेऊन बसला की मिलिंद म्हणायचा, "यार, तू तुझे देव आवरून घे. माझे सातही वार मोकळे आहेत!"

मिलिंदला बोलायची भारी हौस. एकदा ऑफिसातल्या बदल्यांची गोष्ट सांगता सांगता त्याने कोळंबीची रबरं करून ठेवली. नंदूने एक उचलली, ताणून बघितली. "मिल्या, कोळंबीला एका बाजूला दोन मिनिटं लागतात. तुझ्या साहेबाची गोष्ट वांग्यावर सांग. पंचवीस मिनिटं मिळतात."

तेव्हापासून आमच्यात बोलण्याचे प्रकारच पडले. कोळंबीचं बोलणं, चिकनचं बोलणं, वांग्याचं बोलणं.

मी शाळेत सुपरवायझर. स्टाफ मीटिंगमध्ये एका सरांनी वेळापत्रकाचा विषय काढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे वांग्याचं आहे, नंतर घेऊ."

सर दुखावले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या डब्यावर बोलले. मुख्याध्यापकांसमोर खुलासा करताना मला कोळंबीपासून सुरुवात करावी लागली!

*

प्रदीपच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. प्रदीपला वाटलं, आपणही गच्चीवर ग्रिल पेटवावं, म्हणजे छाप पडेल. नंदू ठाण्याला कामावर होता, यायला उशीर होणार होता. "नंद्याशिवाय अडतं काय आपलं?" असं म्हणत प्रदीपने जाळ मोठा केला. दहा मिनिटांत तंगड्या काळ्याभोर. दिसायला अगदी हॉटेलसारख्या. ताटं वाढली. मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांनी तंगडी उचलली.

नंदू त्याच क्षणी वर आला. खांद्याची बॅगसुद्धा न उतरवता सरळ त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या हातातल्या तंगडीत सळई खुपसली.

"त्रेपन्न! काका, खाऊ नका."

पाहुण्यांनी आकड्याकडे बघितलं. तंगडी ताटात ठेवली. हात पुसले. प्रदीपचा चेहरा असा झाला, की त्याला जाळीवर टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. मुलगी तर जिन्याकडेच पळाली.

मग मुलाचे वडील म्हणाले, "ज्या घरात इतकं खरं बोलतात, तिथे चालेल आम्हाला."

लग्न झालं. पण व्याह्यांची सवय गेली नाही. बारशाला त्यांच्या पुढ्यात श्रीखंड आलं, तरी त्यांनी नंदूकडे बघून भुवया उंचावल्या. नंदू पंगतीतूनच म्हणाला, "आठ अंश. खा."

*

आता नंदूची स्वतःची फजिती. त्याने नवा थर्मामीटर मागवला, वायरलेस. पहिल्याच दिवशी तंगडी जाळीवर टाकून तीन मिनिटं झाली नसतील, तोच ओरडला, "चौऱ्याहत्तर! रेकॉर्ड टाइम!"

मेधा म्हणाली, "अहो, अजून पांढरं दिसतंय."

"रंग खोटं बोलतो, मेधा."

नंदूच म्हणतोय म्हटल्यावर आम्ही खाल्लं. पहिला घास सगळ्यांनी तोंडात धरून ठेवला. गिळायचं कुणाला धाडस होईना आणि थुंकायची लाज. शेवटी मिलिंदने थर्मामीटर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "नंद्या, इथे हे छोटं एफ कशाचं रे?"

फॅरनहाइट! म्हणजे आपल्या मापाने जेमतेम तेवीस. फ्रीजमधून काढलेलं चिकन गच्चीवर जरा कोमट झालं होतं, एवढंच. आणि हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे गेज नापास करून घरी येतो!

नंदूने थर्मामीटर मिलिंदच्या हातातून काढून घेतला. मग एवढंच म्हणाला, "ऑफिसात सांगू नका."

पुढच्या वेळी ग्रिल पेटवताना त्याने स्वतःहून सगळ्यांना थर्मामीटरवरचं 'सी' दाखवलं, एकेकाला, लहान मुलांनासुद्धा.

तो गेल्यानंतर त्याचे साहेब भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. मिलिंदने नेमकं हेच सांगितलं. साहेब आधी हसले, मग चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. मेधाने त्यांना पाणी दिलं.

*

आता माझं. एका गटारीला गच्चीवर गर्दी होती. नंदूने माझ्या हातात चिमटा दिला. "ताई, मी कोळसे आणतो. सुरमईवर लक्ष ठेव. एकदाच उलटायची. तू उलट."

मी म्हटलं, "अरे, इथे माझ्या शाळेतली मुलं राहतात."

"मग? मॅडम घरी जेवत नाहीत असं वाटतं त्यांना?"

तो जिन्यात दिसेनासा झाला, आणि दुसऱ्या बाजूने बी विंगच्या एक बाई वर आल्या. त्यांचा मुलगा माझ्याच सातवी अ मध्ये. "नमस्कार मॅडम! तुम्ही इथे?"

मी चटकन चिमटा पाठीमागे लपवला. "सहज, हवा खायला आले होते."

बाई मुलाच्या गणिताबद्दल बोलत राहिल्या. मी मान हलवत राहिले. पाठीमागे चिमट्याची तापलेली टोकं सिंथेटिक साडीला टेकलेली. आधी वास आला. बाईंनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "काहीतरी जळतंय का हो?"

मासा खालून करपला, साडीला रुपयाएवढं भोक पडलं आणि मुलाच्या गणिताचं काय ठरलं, ते मला आजही आठवत नाही.

नंदू कोळसे घेऊन आला. त्याने मासा बघितला, साडी बघितली. हसला नाही. चिमटा माझ्या हातातून घेताना हळूच म्हणाला, "पुढच्या गटारीला."

मग दर वर्षी विचारायचा. मी दर वर्षी खालून सोलकढी करून पाठवायचे.

*

दहाव्याला आम्ही घाटावर गेलो. हल्ली बायकाही जातात. सोसायटीतले बरेच जण आले होते, बी विंगच्या त्या बाईसुद्धा. पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली उतरेना.

मेधाने हात जोडले. "सायलीची काळजी करू नका. मी खंबीर आहे." कावळे जागचे हलले नाहीत.

सायली म्हणाली, "बाबा, मी एम.एस्सी. पूर्ण करते." काही नाही.

प्रदीप पुढे झाला. "नंद्या, या दोघींना काही कमी पडू देणार नाही." एका कावळ्याने चोच फांदीला पुसली, बस.

मिलिंदचा धीर सुटला. "नंद्या, फॅरनहाइटचं पुन्हा कुणालाही सांगणार नाही, आईशप्पथ!" मागे कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

ऊन चढत होतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि शेवटचं विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचं आहे का?"

मी मागे उभी होते. सगळ्यांसमोर बोलायची मला शाळेत सवय आहे, पण तिथे बी विंगच्या त्या बाईही उभ्या होत्या. मी पुढे गेले, हात जोडले आणि म्हटलं, "नंदू, या गटारीला मी उभी राहते. चिमटा घेऊन. सगळ्यांदेखत."

पंखांचा आवाज आला. कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि भाताचा गोळा घेऊन उडाला.

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

सगळा घाट हसला. मेधा हसली, सायली रडता रडता हसली, आणि मीही तोंडावर पदर धरून हसले.

गटारी होऊन गेली, आता श्रावणही अर्धा सरला. मी गच्चीवर गेलेले नाही.